प्रश्नोत्तराचा तास बंद पाडून सरकारला जाब विचारता येतो का?

कळवेकर:

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की विरोधी सदस्य फलक घेऊन हौदात उतरतात, अध्यक्ष कामकाज तहकूब करतात आणि विरोधकांनी सरकारला कोंडीत पकडले अशा बातम्या संध्याकाळी येतात. माझे मत याच्या उलट आहे. सकाळी अकरा ते बारा हा तास ज्या दिवशी वाया जातो, त्या दिवशी कोंडी सरकारची होत नाही, आपली होते.

लोकसभेत रोज वीस तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न सोडतीने लागतात आणि त्यांतले जेमतेम पाच-सहा तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. लेखी उत्तर मंत्रालयातले अधिकारी तयार करतात, आणि कोणती माहिती किती द्यायची हे त्यांना चांगले कळते. खरी परीक्षा पुढे असते. प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न विचारता येतात, इतर सदस्यही त्यात भाग घेऊ शकतात, आणि त्या वेळी मंत्र्याला स्वतः उभे राहून, पुढचा प्रश्न कोणता येईल हे ठाऊक नसताना, उत्तर द्यावे लागते. तास बुडाला तरी लेखी उत्तर पटलावर ठेवले जाते, उपप्रश्न मात्र बुडतो तो बुडतोच.

आपल्या दारातले उदाहरण घ्या. ठाणे ते दिवा रेल्वेची पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या झाल्यावर लोकलच्या फेऱ्या वाढतील, ही त्यामागची अपेक्षा होती. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी गाडीतून पडून मृत्युमुखी पडले, त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. आता मंत्र्यांना सभागृहात विचारायला हवे ते असे : त्या मार्गिकांमुळे सकाळच्या गर्दीच्या वेळी किती फेऱ्या वाढल्या, त्यांतल्या साध्या किती आणि वातानुकूलित किती, आणि दिव्याहून सुटणाऱ्या किती? हा प्रश्न घोषणांच्या गदारोळात विचारता येत नाही.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत घातलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचे प्रकरण लोकसभेत आले ते प्रश्नांच्या आणि कागदपत्रांच्या बळावर. ते लावून धरणारे फिरोज गांधी तर सत्ताधारी बाकांवर बसत होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

ऐरोलीकर:

कळवेकर, प्रश्नोत्तराच्या तासाचे मोल मला मान्य आहे, पण आपण सगळा दोष एका बाजूला घातला आहे. सभागृहाचे वेळापत्रक सरकारच्या हातात असते. कोणते विधेयक कधी येणार, कोणत्या विषयावर चर्चा होणार, स्थगन प्रस्ताव स्वीकारला जाणार की नाही, यांतले काहीही विरोधकांच्या हाती नाही. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूरवर पंतप्रधानांनी सभागृहात बोलावे, एवढीच मागणी होती. ती मान्य होईना, म्हणून गौरव गोगोई यांनी अविश्वासाचा ठराव आणला. तो जिंकता येणार नाही, हे आणणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. चर्चा ८ ते १० ऑगस्ट अशी तीन दिवस चालली आणि अखेर पंतप्रधानांना उत्तरासाठी उभे राहावे लागले. देशाचे एक राज्य जळत असताना पंतप्रधानांना बोलते करायला सरकार पाडण्याचा ठराव आणावा लागत असेल, तर सौम्य मार्ग बंद केले कोणी?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ सदस्य निलंबित झाले आणि फौजदारी कायदे मुळापासून बदलणारी तीन विधेयके बहुतांश विरोधी बाके रिकामी असताना संमत झाली. त्यांची मागणी काय होती? संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीवर गृहमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावे, ही.

शिवाय आज सत्तेत असलेल्या पक्षानेही विरोधात असताना हेच केले होते. दूरसंचार परवान्यांच्या टू-जी प्रकरणी संयुक्त संसदीय समिती नेमावी म्हणून २०१० चे जवळजवळ संपूर्ण हिवाळी अधिवेशन त्यांनी रोखून धरले, आणि २०११ मध्ये ती समिती नेमली गेली. तेव्हाही मी त्यांच्या बाजूने होतो आणि आजही त्याच तत्त्वाने बोलतो आहे.

कळवेकर:

टू-जीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल त्याच अधिवेशनात संसदेसमोर आला होता. तो तपासणारी लोकलेखा समिती कामाला लागली होती, आणि १९६७ पासूनच्या संकेतानुसार तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडेच, म्हणजे मुरली मनोहर जोशी यांच्याकडे होते. टू-जीचे १२२ परवाने रद्द झाले ते फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. मग एक संपूर्ण अधिवेशन गमावून जी समिती मिळवली, तिने लोकांच्या पदरात नेमके काय घातले?

ऐरोलीकर:

त्या लोकलेखा समितीचे पुढे काय झाले, तेही लिहायला हवे. एप्रिल २०११ मध्ये जोशी यांनी अहवालाचा मसुदा मांडला, तेव्हा सत्ताधारी बाजूच्या सदस्यांनी बहुमताने तो फेटाळला. अध्यक्षपद विरोधकांकडे असले तरी समितीत संख्याबळ सत्ताधाऱ्यांचेच असते. म्हणून समिती आहे, प्रश्न आहेत, नियम आहेत, असे सांगून विरोधकांना शांत बसायला सांगणे मला पटत नाही. सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) समित्यांकडे गेलेल्या विधेयकांचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते, पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ते ७१ टक्के होते. आणि त्या सतराव्या लोकसभेला पाच वर्षे उपाध्यक्षही नव्हता. मार्ग अरुंद होत गेला आहे, आणि तो विरोधकांनी अरुंद केलेला नाही.

घणसोली गाव:

दोघांचेही वाचले. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघेही सभागृहाच्या भिंतींच्या आतच विचार करत आहात. नवी मुंबईसाठी १९७० पासून ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत आमचेही गाव आहे. दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे. ते बहुतेक काळ विरोधी बाकांवर राहिले, विधानसभा गाजवली, १९७७ आणि १९८४ मध्ये लोकसभेवरही निवडून गेले. तरी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात पाच जणांना गोळीबारात प्राण द्यावे लागले, तेव्हा कुठे आमचे म्हणणे सरकारच्या कानी गेले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना कोणा मंत्र्याने उपप्रश्नाला दिलेल्या उत्तरातून आलेली नाही. दिबांच्या मागे रस्त्यावर माणसे होती, म्हणून सभागृहात त्यांच्या शब्दाला वजन होते.

नौपाडा:

घणसोलीच्या मित्रांच्या म्हणण्याचा आदर राखून मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या ठाणे मतदारसंघाने १९७७ आणि १९८० अशा दोन्ही निवडणुकांत रामभाऊ म्हाळगी यांना निवडून दिले. पहिल्या वेळी ते सत्ताधारी बाजूला होते, दुसऱ्या वेळी विरोधी. बाक बदलले तरी कामाची पद्धत बदलली नाही. आपण काय केले याचा अहवाल छापून तो मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची शिस्त होती. माझ्या मते आजच्या चर्चेत हाच मुद्दा निसटतो आहे. विरोधी खासदार सरकारकडे हिशेब मागतो, त्याने स्वतःचा हिशेब मतदारांना दिला, तर त्याचा गदारोळही लोक समजून घेतील. आपण मात्र खासदाराला घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल विचारतो, जे त्याचे काम नाही, आणि रेल्वेबद्दल त्याने सभागृहात काय विचारले हे कधीच विचारत नाही.

दिव्याचा प्रवासी:

मी रोज ज्या गाडीत चढतो, त्या गाडीपुरते लिहितो. मंत्री सभागृहात 'तपासून पाहू' किंवा 'माहिती घेऊन कळवू' असे म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते. ते तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासन समिती १९५३ पासून आहे. मुदतवाढ मागता येते आणि ती मागितली जाते, तरीही कागद जिवंत राहतो. विरोधकांनी आश्वासन मिळवायचे आणि मग त्याचा पाठपुरावा सोडायचा नाही, ही चिकाटी मला फारशी दिसत नाही. घोषणेची बातमी होते, प्रलंबित आश्वासनाची होत नाही, हे त्याचे कारण असावे. पण गर्दीत लटकणाऱ्याला त्या बातमीचा काय उपयोग?

२०२४ मध्ये ठाणे आणि कल्याण या मतदारसंघांतून सत्ताधारी आघाडीचे उमेदवार निवडून आले, भिवंडीतून विरोधी पक्षाचा. कळवेकरांनी वर लिहिलेला फेऱ्यांचा प्रश्न तिघांनाही पाठवता येईल. सत्ताधारी खासदारालाही प्रश्न विचारायला कोणी अडवलेले नाही.

कळवेकर:

पत्राचा मसुदा मी करतो. त्यात ऐरोली-कळवा उन्नत मार्गाचे काम कुठे अडले आहे, हाही प्रश्न घालतो, कारण तो झाला तर नवी मुंबईकडे जाणाऱ्यांना ठाणे स्थानकात उतरून गाडी बदलावी लागणार नाही. घणसोलीकरांचे म्हणणे मी नाकारत नाही. रस्त्यावरचे बळ हवेच. पण ते बळ घेऊन जो दिल्लीला जातो, त्याने अकराच्या ठोक्याला जागेवर बसून आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहावी, एवढा माझा आग्रह कायम आहे.

ऐरोलीकर:

पत्रावर माझे नाव घाला. मात्र ज्या दिवशी आपला प्रश्न सोडतीत येईल, त्याच दिवशी देशातल्या एखाद्या मोठ्या घटनेवर चर्चा नाकारली गेली आणि विरोधकांनी सभागृह बंद पाडले, तर मी त्यांना दोष देणार नाही. आपला उपप्रश्न बुडेल, याचे मला दुःख होईल, पण जाब मी चर्चा नाकारणाऱ्यालाच विचारेन.