शब्दचर्चा : ‘एल् ए ब्रून’ म्हणजे ‘ती सावळी आहे’ का?

प्रश्न

मुलीने अकरावीला फ्रेंच घेतलं आहे. पुस्तकात एका बाईच्या चित्राखाली ‘एल् ए ब्रून’ असं वाक्य आहे. शब्दकोशात ‘ब्रँ’ (स्त्रीलिंगी ‘ब्रून’) याचा अर्थ तपकिरी दिलाय, म्हणून मुलीने ‘ती सावळी आहे’ असं लिहिलं. पण चित्रातली बाई चांगली गोरीपान आहे. मग तिला ब्रून का म्हटलंय? शिवाय तिला ‘माझी आजी’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या आहेत. गव्हाळ रंग, घारे डोळे, अंगाने भरलेली, हे सगळं फ्रेंचमध्ये कसं सांगायचं?

उत्तर

ताई, पुस्तक बरोबर आहे. ‘एल् ए ब्रून’ हे वाक्य त्या बाईच्या कातडीबद्दल काहीच सांगत नाही. तिचे केस गडद आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘एल् ए ब्लोंद’ म्हणजे सोनेरी केसांची, ‘एल् ए रूस’ म्हणजे तांबूस केसांची. वाक्यात ‘केस’ हा शब्द येतही नाही, तरी फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे केसच येतात. आपण ‘ती काळी आहे’, ‘ती गोरी आहे’ म्हणतो तेव्हा ‘कातडी’ हा शब्द कुठे उच्चारतो? तरी ऐकणाऱ्याला अंगाचा रंगच कळतो. दोन्ही भाषांत विशेषण एकटंच उभं राहतं, फक्त त्यामागचं न बोललेलं नाम वेगळं असतं.

याचं कारण मला सरळ दिसतं. आपल्याकडे दहा माणसांत नऊ-दहा जणांचे केस काळे आणि डोळे काळे किंवा तपकिरी. त्यावरून माणूस ओळखता येत नाही. म्हणून आपण रंगाच्या आणि बांध्याच्या छटा बारकाईने पाडल्या : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, हडकुळा, आडव्या अंगाचा. फ्रान्समध्ये एकाच घरात तिघांच्या केसांचे तीन रंग असू शकतात. तिथे बारकावे केसांत आणि डोळ्यांत गेले.

म्हणून मुलीला पहिली गोष्ट ही सांगा, की मराठी वर्णन मनात रचून त्याचा एकेक शब्द बदलत बसू नकोस. सुरुवात केसांपासून कर.

केसांसाठी चार शब्द पुरतात. ब्लों म्हणजे सोनेरी, शातँ म्हणजे मध्यम तपकिरी, ब्रँ म्हणजे गडद तपकिरी ते जवळजवळ काळा, आणि रू म्हणजे तांबूस. आपल्या काळ्याभोर केसांना ‘न्वार’ म्हणजे काळे असंही म्हणता येतं, पण ‘ब्रँ’ म्हटलं तरी चूक नाही. तांबूस केसांना मात्र ‘रूज’ म्हणू नये. रूज म्हणजे लाल, म्हणजे रंगवलेले केस.

डोळ्यांचा तपकिरी रंग वेगळा. तिथे शब्द ‘मारों’. शातँ आणि मारों दोन्ही मुळात चेस्टनट या फळाशी जोडलेले शब्द, पण सर्वसाधारण वर्णनात केस शातँ आणि डोळे मारों अशीच वाटणी आहे. फ्रेंच पासपोर्टवर उंचीबरोबर डोळ्यांच्या रंगाचीही नोंद असते.

आता व्याकरण, कारण मार्क तिथे जातात. ‘आजीचे डोळे तपकिरी आहेत’ हे फ्रेंचमध्ये ‘असणे’ या क्रियापदाने नाही, तर ‘जवळ असणे’ या अर्थाच्या ‘आव्वार’ने सांगतात : ‘एल् आ ले झ्यू मारों’. केस आणि डोळे दोन्ही अनेकवचनी, म्हणून ब्लू (निळा), वेर (हिरवा) यांना लेखनात अनेकवचनाचा ‘एस’ लागतो. मारोंला लागत नाही. मुलगी याला अपवाद म्हणून पाठ करत असेल, तर तिला मराठीच दाखवा. निळा डोळा, निळे डोळे. पण बदामी साडी, बदामी डोळे, बदामी शर्ट. वस्तूच्या नावावरून आलेली आपली गुलाबी, शेंदरी, मोरपंखी ही विशेषणं बदलत नाहीत. फ्रेंचमध्येही वस्तूचं नाव रंगासाठी वापरलं की ते सहसा तसंच राहतं. ‘रोझ’ म्हणजे गुलाबी हा तिथला ठळक अपवाद, तो बदलतो. आणि छटा जोडली की सगळंच गोठतं : ‘निळे’ला अनेकवचन लागतं, ‘फिकट निळे’ला लागत नाही.

घाऱ्या डोळ्यांना एक नेमका शब्द मिळणार नाही. आपला ‘घारा’ फार मोकळा आहे, त्यात करडे, हिरवट, मधासारखे सगळे मावतात. आजीचे नेमके कसे आहेत ते बघा. हिरवट तपकिरी असतील तर ‘न्वाझेत’ (हेझलनट), करडे असतील तर ‘ग्री’. ठरत नसेल तर ‘ले झ्यू क्लेर’, म्हणजे उजळ डोळे. माझ्या मते घाऱ्याच्या सगळ्यांत जवळचा तोच.

गव्हाळ रंगाला ‘ल तँ मात’ म्हणतात. फोटोच्या कागदाला ‘मॅट’ म्हणतो तोच हा शब्द. पण दहा ओळींत तो घालायलाच हवा असं नाही. फ्रान्समध्ये ओळख करून देताना कातडीच्या रंगाचा उल्लेख सहसा करत नाहीत, आणि केला तर ऐकणारा अवघडतो. लग्नाच्या जाहिरातीतलं ‘गोरी, सुंदर’ तिथे नेऊ नये. खरं तर इथेही नसावं.

उच्चारांबद्दल थोडं. देवनागरीत मी ‘शव्हू’ (केस), ‘झ्यू’ (डोळे) लिहितोय, तो स्वर आपला ‘ऊ’ नाही. ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवून ‘ए’ म्हणायचं. वर्गात ऐकूनच तो पक्का होईल.

पुरवणी

वरच्या उत्तराला मीही, दुसरा वाचक, एक जोड देतो. पेपरात बेपत्ता व्यक्तीची सूचना येते : ‘उंची ५ फूट ३ इंच, रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, चेहरा उभट, नाक सरळ, केस काळे, अंगात निळ्या रंगाचा शर्ट.’ फ्रेंच पोलिसांच्या सूचनेतही असाच ठरलेला मजकूर असतो, त्याला ‘सिन्यालमाँ’ म्हणतात. त्यात उंची मीटरमध्ये, मग कॉर्प्युलाँस (बांधा), केस, डोळे आणि कपडे. दोन्ही कात्रणं शेजारी ठेवून वाचा, धड्यातला निम्मा शब्दसंग्रह त्यात सापडेल.

या पद्धतीमागे मोठा माणूस आहे. १८८० च्या दशकात पॅरिस पोलिसांतल्या आल्फोंस बेर्तियों याने गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मापं घेण्याची पद्धत बसवली. तिच्या जोडीला त्याने ‘पोर्त्रे पार्ले’, म्हणजे बोलून उभं केलेलं चित्र, तयार केलं. नाकाचा कणा आत वळलेला, सरळ की बाहेर आलेला, कानाची ठेवण कशी, अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेला शब्द. पुढे बोटांच्या ठशांनी मापांची जागा घेतली. पण चेहऱ्याचं वर्णन शब्दांत इतकं नेमकं करता येतं, हे मला आजही थक्क करणारं वाटतं.

उंची सांगताना फूट-इंच वापरू नका, तिथे कोणाला अंदाज येणार नाही. ५ फूट ३ इंच म्हणजे ‘अँ मेत्र स्वासाँत’, १ मीटर ६०. नेपोलियन बुटका होता हा समजही मापांच्या घोळाने पसरायला मदत झाली. त्याची उंची ५ फूट २ इंच नोंदली गेली ती जुन्या फ्रेंच फुटांत, आणि तो फूट इंग्रजी फुटापेक्षा मोठा, जवळजवळ साडेबत्तीस सेंटिमीटरचा. म्हणजे तो साधारण १ मीटर ६८ होता, त्या काळच्या मानाने ठेंगणा मुळीच नाही.

पुढचा प्रश्न

दोघांचे आभार. ‘अंगाने भरलेली’ राहिलं. मुलीने ‘ग्रोस’ लिहिलंय, चालेल का?

उत्तर

आजीसाठी नको. ‘ग्रो, ग्रोस’ म्हणजे थेट ‘लठ्ठ’, तोंडावर म्हटलं तर अपमान. ‘रोंद’ म्हणजे गोलमटोल, त्यात माया आहे. ‘अंगाने भरलेली’ला मला सगळ्यांत आवडतो तो ‘बियँ-नाँ-शेर’, शब्दशः ‘मांसाने नीट भरलेली’. ‘फॉर्त’चा मूळ अर्थ बळकट, पण बाईबद्दल बोलताना तो बऱ्याचदा ‘जाड’ला सभ्य पर्याय म्हणून येतो. आपण ‘तब्येतीने चांगली’ म्हणतो तसंच. उलट टोकाला ‘मँस’ म्हणजे सडपातळ, हे कौतुक. ‘मॅग्र’ म्हणजे हडकुळी, हे नाही.

आजीच्या गालावर तीळ असेल तर तो जरूर लिहायला सांगा. त्याला ‘ग्रँ द बोते’ म्हणतात, सौंदर्याचा दाणा. आपणही त्याला दाण्याचंच नाव दिलंय, हे किती छान आहे! पिकत चाललेल्या केसांना ‘प्वाव्र ए सेल’, म्हणजे मिरी आणि मीठ. अंबाड्याला ‘शिन्यों’.

आजोबांवरही लिहायचं झालं तर ‘ग्राँ’ची जागा सांभाळा. नामानंतर ठेवला तर ‘अँ-नॉम ग्राँ’, म्हणजे उंच माणूस. आधी ठेवला तर ‘अँ ग्राँ-तॉम’, म्हणजे थोर माणूस. पॅरिसच्या पाँतेओंच्या, म्हणजे देशातल्या थोर व्यक्तींच्या समाधिमंदिराच्या, दर्शनी भागावर ‘ओ ग्राँ-झॉम, ला पात्री रकोनेसाँत’ असं कोरलंय : थोर पुरुषांना, कृतज्ञ मायभूमीकडून. तिथे उंचीचा प्रश्न नाही. पुरुषांना म्हटलंय खरं, पण १९९५ पासून मारी क्यूरीही तिथे विसावली आहे. आजोबा नुसते उंच असतील तर ‘इल् ए ग्राँ’ एवढंच लिहावं, त्यात गोंधळ होत नाही.