दिवाळीनंतरचं सत्र : सहल, गॅदरिंग, बाजार... तुमच्या शाळेत काय काय झालं ते लिहा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की प्राथमिकच्या पोरांचं जे एकेक सुरू होतं ते पार होळीपर्यंत चालतं. केंद्राच्या क्रीडा स्पर्धा, सहल, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, संक्रांतीचा तिळगूळ, २६ जानेवारीची प्रभातफेरी, मग गॅदरिंग, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. माझी मुलगी पुण्यात दुसरीत आहे. शाळेत आज काय शिकवलं विचारलं तर "काही नाही", पण लेझमीची पावलं मात्र ओट्यापासून दारापर्यंत करून दाखवते आणि आजीला चुकलीस म्हणून परत पहिल्यापासून करायला लावते.

तर या सत्राबद्दल लिहा ना. पालक, शिक्षक, आजी-आजोबा, कुणीही. फोटोत दिसतं ते सगळ्यांनाच माहितीये, त्यामागची धावपळ कुणी केली, पैसे कसे उभे राहिले, आणि मुख्य म्हणजे कुठलं मूल बाजूला राहत होतं आणि त्याला कसं आत घेतलं, हे वाचायला मला आवडेल.

*

बीड जिल्हा, झेडपी शाळेवर शिक्षक

आमच्याकडं या सत्राचं गणितच वेगळं. दसरा-दिवाळी झाली की गावातले कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, मग ट्रॅक्टरमध्ये संसार भरायचा आणि साखर कारखान्याला ऊसतोडीला जायचं, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. लेकरंही संगं जातात. म्हणजे बाकी महाराष्ट्रात सहलीची आणि गॅदरिंगची धामधूम चालू असते तेव्हा माझ्या वर्गातली कितीतरी लेकरं फडाच्या कडेला लहान भावंडाला घेऊन बसलेली असतात. ती परत येतात तोवर मार्च-एप्रिल उजाडतो, सत्र संपलेलं असतं.

यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृह असतं, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. आईबाप गेले तरी लेकरानं गावात थांबायचं, आमच्याकडं बहुतेक लेकरं झोपायला आजीकडं नाहीतर चुलत्याकडं जातात, सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातलं आणि दुपारी पोषण आहाराची खिचडी आहेच. कागदावर सोपं वाटतं पण आई काय म्हणते, "सर, रातीला उठून रडलं तर कोण बघंल?" याला कुठल्या जीआरमध्ये उत्तर नाही. घरोघरी जाऊन बसावं लागतं, आजीला तयार करावं लागतं, आणि खरं सांगू का, शेवटी लेकरू थांबतं ते सहलीच्या नावानं. म्हणून आम्ही सहलीची तारीख दिवाळीच्या आधीच जाहीर करतो, म्हणजे कोयते निघायच्या आत पोरगं घरी हट्ट धरतं की मला थांबायचंय, मला वेरूळला जायचंय.

देवगिरी आणि वेरूळ अशी एका दिवसाची सहल काढली. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात पन्नास टक्के सवलत देते म्हणून हे जमतं. तरी उरलेले पैसे काही लेकरांना जड होतेच, त्यांचे गावातल्या तरुण मंडळानं भरले आणि कुणाचे भरले हे वर्गात कळू दिलं नाही. पहाटे अंधारात निघालो. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारात शिरल्यावर आधी सगळी ओरडली, मग वटवाघळांचा वास आला तसं एकमेकांचे शर्ट धरून गप्प चालायला लागली, आणि बाहेर उजेडात आल्या आल्या "सर परत जाऊ" सुरू.

वेरूळला सोळा नंबरचं लेणं, कैलास, तिथं मी त्यांना सांगत होतो की हे दगड रचून बांधलेलं नाही, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आधी कळस मग पाया. चौथीतला एक पोरगा वर बघत उभा होता, त्याचे आईवडील तेव्हा कर्नाटकात तोडीवर होते. तो म्हणला, "सर, म्हणजे आमचा बाप ऊस बुडातून तोडतो आन् यांनी शेंड्यापासून सुरू केलं." आता इतकी वर्षं मी कैलास लेणं शिकवतोय पण इतकं नेमकं मला सांगता आलेलं नव्हतं. तेव्हापासून मी वर्गात त्याच्याच शब्दात सांगतो आणि त्याचं नाव घेऊन सांगतो.

गॅदरिंग आम्ही संध्याकाळी ठेवतो कारण दिवसा आईबाप फडात असतात. स्टेजसमोर एका खुर्चीवर मोबाईल लावायचा आणि व्हिडिओ कॉल, तिकडं कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, पाच-सहा घरची माणसं एका फोनभोवती. रेंज जाते, आवाज तुटतो, पुन्हा लावायचा. नाच झाला की लेकरं धावत त्या फोनपाशी जातात आणि पहिला प्रश्न काय तर "मी कितव्या नंबरला हुतो सांग?" आईनं बरोबर सांगितलं तरच समाधान.

*

सांगली, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर

वरच्या सरांनी एसटीचं नाव काढलं म्हणून लिहितो. डिसेंबर-जानेवारीत आमच्या डेपोत सहलीच्या गाड्यांची नुसती रांग असायची. मला ही ड्युटी फार आवडायची, दुसरे कंटाळायचे, मी मागून घ्यायचो.

जे शिक्षक पहिल्यांदा सहल काढणार आहेत त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. घाटाच्या आधी वडापाव, भेळ काही देऊ नका, आंबा घाटात माझ्या गाडीत जेवढ्या उलट्या झाल्या त्यातल्या बहुतेक घाट लागायच्या आधी खाल्लेल्या नाश्त्याच्या. ज्यांना लागते त्यांना पुढं बसवा, मागची शीट फार उडते. आवळा सुपारी, लिंबू आणि कागदी-प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नव्हे. आणि पोरं मोजायची ती गाडीत बसवून मोजा, खाली रांगेत मोजलेला आकडा गाडीत चढेपर्यंत बदलतो. एक बाई जोड्या लावायच्या, प्रत्येकाला एक जोडीदार, गाडी सुटायच्या आधी नुसतं ओरडायच्या "जोडी?" आणि ज्याची जोडी नाही तो हात वर करायचा. इतकी चांगली पद्धत मी दुसरी बघितली नाही.

सहलीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी भाड्यानं घेतलेली असते त्यामुळं पोरांना तिकीट फाडायचं नसतं. पण लहान पोरांना तिकीट पाहिजेच असतं हो. खाकी शर्ट आणि खांद्याला बॅग बघून पोरगं हात पुढं करतं, त्याला काय करार कळणार. तेव्हा पंचिंगची तिकिटं होती, मी घरून कोऱ्या कागदाचे चिटोरे कापून न्यायचो आणि प्रत्येकाला एक टक करून भोक पाडून द्यायचो. गणपतीपुळ्याचा समुद्र बघून आल्यावरसुद्धा काही पोरांच्या मुठीत तो चिटोरा असायचा.

*

ठाणे, तिसरीतल्या मुलाची आई

माझा अनुभव जरा कडू आहे. मुलाच्या आधीच्या शाळेत गॅदरिंग म्हणजे बाहेरून आणलेला कोरिओग्राफर, भाड्याचे ड्रेस, एका गाण्याच्या ड्रेसचे हजाराच्या वर आणि ज्यांनी पैसे भरले नाहीत ती मुलं "प्रेक्षक". नाचात घेतलेल्यांमध्येही उंच-गोरी-पटापट शिकणारी पुढे आणि बाकीची मागच्या रांगेत अशी अंधारात की व्हिडिओ थांबवून थांबवून शोधलं तरी माझं पोर सापडेना. त्याने विचारलं, "मला का नाही पुढे घेतलं?" सहा वर्षांच्या मुलाने हे विचारावं याचा मला अजून राग येतो.

नव्या शाळेत पालकसभेत आम्ही चार-पाच आयांनी सरळ मागणी केली की अख्खा वर्ग स्टेजवर पाहिजे आणि कपडे घरातलेच. मुख्याध्यापक बाईंनी ऐकलं, हे महत्त्वाचं. मग विषय घेतला वारी, कारण वारीत कितीही माणसं मावतात. वर्गातला एकूण एक मुलगा-मुलगी, कुणाच्या आजोबांचं धोतर अर्ध्यात दुमडून, कुणाच्या आजीची नऊवारी, तुळस डोक्यावर घ्यायला घरच्याच कुंड्या. ओळ पुढे सरकत होती त्यामुळे प्रत्येक मूल एकदा तरी मधोमध आलं. खर्च जवळपास शून्य. टाळ एका सुरात नव्हते, चालेल, लहान मुलं आहेत ती.

*

रत्नागिरी जिल्हा, द्विशिक्षकी शाळा

आमचा पट इतका कमी की मागे राहणार कोण हा प्रश्नच येत नाही, पहिलीपासून पाचवीपर्यंत सगळे घेतले तेव्हा कुठे जाखडीचं रिंगण पुरं झालं. जाखडी इकडे गणपतीत नाचतात, मधे ढोलकी-झांज घेऊन बसणारे आणि भोवती फेर. पोरांच्या पायात ती असतेच, शिकवावी लागत नाही, फक्त गाणं पाठ करून घ्यायचं. ढोलकी वाजवायला एका मुलाचे वडील मुंबईवरून रजा टाकून आले, एरवी ते गणपती आणि शिमग्याशिवाय येत नाहीत. पायात बांधायचे चाळ मोठ्या माणसांच्या मापाचे, पहिलीतल्यांच्या पायातून निसटायचे, तर आमच्या खिचडी करणाऱ्या काकूंनी प्रत्येकाच्या पायाला आधी जुन्या साडीची पट्टी गुंडाळली आणि त्यावर बांधले.

पट कमी म्हणून शाळा बंद होणार अशी कुजबुज दरवर्षी असते. गॅदरिंगला मात्र अख्खी वाडी येते, शेजारच्या वाडीतलेही येतात. ही शाळा गावाला हवी आहे हे मला तेव्हा स्पष्ट दिसतं आणि पुढच्या वर्षीसाठी बळ येतं.

*

वर्धा

आमच्या पोरीच्या शाळेत बाल आनंद मेळावा भरला होता, म्हणजे पोरांचाच बाजार. कोणी बोरं घेऊन बसलं, कोणी घरच्या वावरातली मेथी-सांभार (कोथिंबीर), कोणी तर्री-पोहे. मायबापांनी मदत करायची नाही असा बाईंचा कडक नियम. दुसरीतला एक पोरगा पाच रुपयाला वाटीभर बोरं विकून राहिला होता, मी वीसची नोट दिली तर त्याने दहा पाचदा बोटं मोडली, मग दुकानाच्या मागं बसलेल्या मित्राला कानात विचारलं आणि पंधरा रुपये अगदी बरोबर माझ्या हातावर एकेक नाणं ठेवून मोजले. वजाबाकी काय चीज आहे ते त्याला त्या दिवशी कळलं बापा. नफा-तोट्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर झाला, ज्यांना तोटा झाला त्यांना बाईंनी उभं न करता विचारलं की पुढच्या वेळी काय वेगळं आणशील. हे मला फार आवडलं.

*

सातारा जिल्हा, शिक्षिका

लांबची सहल झेपत नाही म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, जवळचं बघा. आम्ही ३ जानेवारीच्या आठवड्यात मुलांना नायगावला नेलं, खंडाळा तालुक्यात, सावित्रीबाईंचा जन्म तिथं १८३१ साली झाला. पाठ्यपुस्तकात धडा असतो, जयंतीला मुली डोक्यावर पदर घेऊन भाषणं करतात, पण "बाई, त्या आपल्याच जिल्ह्यातल्या?" हा प्रश्न तिथं गेल्यावर आला. एका मुलीने तिथून निघताना मला विचारलं की सावित्रीबाईंची शाळा गावात नव्हती तर त्या शिकल्या कुठं. लग्नानंतर जोतिरावांनी शिकवलं हे सांगितल्यावर सगळ्या मुलींचा एकच गलका, "म्हणजे आधी नव्हतं येत?" स्वतःला अजून नीट वाचता येत नाही म्हणून मागे बसणारी एक मुलगी त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन माझ्याकडे येते.

*

फोंडा, गोवा

आमच्या मराठी प्राथमिक शाळेत १९ डिसेंबरला मुक्तिदिन, मग पौषात धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ. गावात बायका रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या जागेवर, धालो खेळतात, ते शाळेत मुलींकडून बसवायला गावातल्याच दोन वयस्क बायांना बोलावलं. त्या आधी लाजल्या, आम्ही शाळा शिकलेल्या नाही, आम्ही काय शिकवणार म्हणाल्या. वर्गात उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या तशा शिक्षिकासुद्धा वही घेऊन लिहायला बसल्या. यंदापासून दर शनिवारी एकीला बोलवायचं ठरलंय.

*

मुंबई, चौथीतल्या मुलीची आई

मुलगी व्हीलचेअर वापरते. पहिली-दुसरीत सहलीच्या दिवशी तिने घरीच राहायचं हे शाळेने गृहीतच धरलेलं, आम्हाला संमतीपत्रसुद्धा द्यायचे नाहीत. मी भांडले, लेखी मागितलं, आणि तिसरीत आलेल्या वर्गशिक्षिकांनी उलटं केलं, आधी विचारलं हिला कुठे जाता येईल आणि मग सगळ्या वर्गाची सहल तिथे नेली. राणीची बाग. रस्ते सपाट आहेत, पेंग्विन बघायला आत जाता येतं. यावर्षी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. शिक्षिका आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन रॅम्प कुठे, लिफ्ट कुठे, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद हे बघून आल्या.

बसमध्ये चढवायला मी बरोबर गेले. पण तिथे पोचल्यावर खुर्ची ढकलायचं काम मुलांनी माझ्याकडून काढूनच घेतलं, पाळ्या लावल्या, कुणाची पाळी लांबली म्हणून भांडणंही झाली. मी मागे राहिले तर मुलगी म्हणाली, "आई, तू दुसऱ्या ग्रुपबरोबर जा."

ज्यांच्या मुलांना अशी अडचण आहे त्यांना एकच सांगते, सहलीची नोटीस निघायची वाट बघू नका. जूनमध्येच शाळेला पत्र द्या, ठिकाण ठरायच्या आधी. एकदा ठिकाण ठरलं आणि गाडी बुक झाली की मग सगळे "यावर्षी राहू दे" म्हणतात. कुणाला पत्राचा मजकूर हवा असेल तर सांगा, माझ्याकडे तयार आहे, तसाच वापरा.