मदत हवी आहे: खिडकीतला निळा उजेड आणि आजीचं पोर्ट्रेट

गिरगावातल्या चाळीतल्या खोलीत आजीचं पोर्ट्रेट, म्हणजे चेहऱ्याचा फोटो, काढतेय. उजेडाला एकच खिडकी, आणि समोरच्या इमारतीवर पावसाळ्यासाठी निळी ताडपत्री लावली आहे. त्यामुळे खिडकीकडचा गाल निळसर पडतो. खोलीच्या भिंती फिकट गुलाबी, म्हणून सावलीतला गाल गुलाबी. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते सेटिंग, बदलून एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

खोलीतले दिवे बंद करून पाहिले. खिडकीला बटर पेपर लावला, उजेड सुरेख मऊ झाला पण निळेपणा तसाच. सावलीकडे थर्माकोल धरला तर तोही निळाच उजेड परत टाकतो. काळं कापड टांगल्यावर मात्र गुलाबी छटा गेली, सुरकुत्याही छान उठून आल्या.

आता वाटतं, निळ्याशी भांडू नये. खिडकी आजीच्या मागे-बाजूला घ्यावी, केसांच्या कडेला निळी रेघ राहू द्यावी आणि चेहऱ्यावर २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा एलईडी बल्ब बटर पेपरमधून टाकावा.

५० एमएम एफ १.८ लेन्स आहे, ट्रायपॉडही आहे. फ्लॅश नको, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. बल्बही डोळ्यांवर थेट नको. दुसरीकडे नेणं शक्य नाही.

अशा वेळी व्हाइट बॅलन्स बल्बला धरून ठेवावा की ३५००-४००० केल्विनच्या आसपास, म्हणजे त्वचा नारिंगी न होता ऊबदार दिसेल आणि कडेचा निळाही भडक होणार नाही?