मॅनिटॉलच्या बाटलीत खडे?

नांदेडहून विचारतोय. आबा गाडीवरून पडले, डोक्याला मार. मेंदूची सूज उतरायला २०% मॅनिटॉल चालू आहे. परवाच्या थंडीत बाटलीत खडीसाखरेसारखे खडे! सिस्टर म्हणल्या, गरम पाण्यात ठेवते. औषध खराब तर नव्हतं?

— नाही भाऊ. थंडीत २०% द्रावण खडे धरतंच. गरम करून विरघळवतात, अंगाइतकं कोमट झाल्यावर फिल्टरच्या सेटनं (गाळणी असलेल्या सलाईनच्या नळीनं) देतात. खडा राहिला तर बाटली बाद.

— मॅनिटॉल ही साखरेपासूनचीच अल्कोहोल, पण नशेची नव्हे! अळंबीत, समुद्रशेवाळात सापडते. आमच्या लॅबात मॅनिटॉल आणि ७.५% मिठाच्या आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वाढवतो. तो मॅनिटॉल आंबवतो, लाल आगर पिवळं पडतं. बघत राहावं असं.

— मॅनिटॉलनं लघवी वाढते, मोजताय ना?

— मोजतोय दादा. आबा आज चहा मागायलेत.