एमजीबीत टर्बो रोटरी बसवतोय, कूलिंगचं कोडं सुटेना. मदत हवी आहे

मंडळी, रत्नागिरीहून लिहितोय. काकांची १९६७ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आठ पावसाळे पडवीत उभी होती. मूळ १७९८ सीसी इंजिनाचा ब्लॉक तडकलाय, म्हणून माझदा आरएक्स-७ गाडीचं टर्बो १३बी मिळवलंय, म्हणजे पिस्टनऐवजी फिरते त्रिकोणी रोटर असलेलं रोटरी इंजिन. (कसं मिळवलं ते विचारू नका.) इंजिन एवढंसं, ६५४ सीसीचे दोन रोटर, बस. बॉनेटखाली आरामात मावतं.

घोडं अडलंय ते उष्णतेपाशी. रोटरीची बरीच उष्णता ऑइल ओढून घेतं, त्यामुळे नुसता रेडिएटर मोठा करून भागणार नाही. पण त्या इवल्याशा ग्रिलमागे रेडिएटर, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), ऑइल कूलर तिन्ही बसवू कुठे? त्यात मे महिन्याचा दमट उकाडा आणि आंबा घाटाची चढण. तिथे डेटोनेशन झालं, म्हणजे इंधन अवेळी भडकलं, की एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरचे सील) गेलेच समजा. ऑइल कूलर बंपरखाली आडवा टाकला तर चालेल का? खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमच्या फिन्स किती टिकतात?

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली इंजिनबदलाची परवानगी कोणी प्रत्यक्ष काढली आहे का? आरटीओत आधी काय दाखवावं लागलं? "बसवून टाक, कोण बघतंय" हा सल्ला नको, तो आमच्या मेस्त्रीने केव्हाच दिलाय.