रंध्याच्या पात्याचे पाणी (पोलादाला तापवून दिलेला कठीणपणा) न उतरवता बेंच ग्राइंडरवर धार कशी काढावी?

प्रश्न: हौशी सुतार

माझ्याकडे 6 इंची बेंच ग्राइंडर असून त्याला यंत्रासोबत आलेली करडी चाके आहेत, एक भरड आणि एक बारीक. जुन्या बाजारात घेतलेल्या लोखंडी रंध्याच्या 2 इंची पात्याला मधोमध 2 मिलिमीटर खोल खांडा पडलेला आहे, आणि तेवढे पोलाद तेलाच्या दगडावर झिजवणे माझ्या आवाक्यातले नाही. ग्राइंडरवर धार काढून आणलेल्या पटाश्यांची टोके तापून निळी पडलेली मी पाहिली आहेत, म्हणून पाते चाकाला लावण्याआधीच विचारतो. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवणे पुरेसे आहे का, की मंद गतीचे यंत्रच घ्यावे? पात्यावर ‘हायस्पीड’ (उष्णता सोसणारे खास पोलाद) असा शिक्का नाही. शिवाय एका कोपऱ्यात आधीच्या मालकाने पाडलेला निळा डागही आहे.

उत्तर: टूलरूमवाला

यंत्र बदलण्याआधी चाक पाहावे. चाकाचे कण टोकदार असतात तेव्हा ते पोलाद कापतात आणि बरीचशी उष्णता ठिणग्यांबरोबर निघून जाते. तेच कण बोथट झाले किंवा त्यांच्या फटींत लोखंड भरले, की चाक कापण्याऐवजी घासू लागते आणि सगळी उष्णता पात्यात उतरते. चाकाचा पृष्ठभाग चकचकीत दिसत असेल तर तो डायमंड ड्रेसरने (चाकाचा वरचा थर खरवडणाऱ्या हिऱ्याच्या हत्याराने) उघडल्याशिवाय पाते लावूच नये. ड्रेसिंग करताना चाकाला मध्यभागी अगदी किंचित फुगवटा ठेवला, तर पाते एका वेळी अरुंद पट्टीवरच टेकते व ताब्यात राहते. बारीक चाक या कामाला घेऊ नये. शक्य झाल्यास पांढरे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे, 46 किंवा 60 ग्रिटचे (कणांच्या जाडीचा क्रमांक) आणि ‘जे’ किंवा ‘के’ ग्रेडचे मऊ चाक घ्यावे, कारण त्याचे बोथट कण लवकर गळून नवे कण उघडे पडतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. खांडा असताना उतारावरूनच (धारेच्या तिरक्या बाजूवरूनच) घासत गेलात, तर मुळात पातळ असलेली कड सतत चाकाखाली राहते, आणि उष्णता साठवायला तिथे पोलादच नसल्यामुळे ती क्षणात निळी पडते. त्याऐवजी पाते चाकाला काटकोनात सरळ धरून खांडा जाईपर्यंत कड सपाट करावी. 25 अंशांचा उतार असेल तर ही सपाट कड सुमारे 1 मिलिमीटर जाड होईल. मग उतार घासताना ती हळूहळू बारीक होत जाते. केसाएवढी चमकती रेघ उरली की थांबावे आणि शेवटची धार दगडावरच काढावी.

पाण्याचा डबा जवळ असावा, पण तो दुय्यम आहे. कार्बन पोलादावर साधारण 230 अंश सेल्सिअसला पिवळसर आणि 300 च्या आसपास निळा रंग येतो. निळा रंग दिसल्यानंतर पाते बुडवून उतरलेले पाणी परत चढत नाही. बोटे उघडी ठेवून धारेच्या जवळ टेकवावीत आणि कोमट लागताच पाते बुडवावे. पाते बुडवून वर काढल्यावर कडेवरचे थेंब सुकू लागले, तर तीही खूणच समजावी. हातमोजे मात्र घालू नयेत. ते चाकात ओढले जातात आणि उष्णताही कळू देत नाहीत. चष्मा अर्थातच हवा.

उत्तर: मंदगती

वरील मताशी बव्हंशी सहमत आहे, पण गतीला इतके कमी लेखू नये. मिनिटाला 2850 फेऱ्यांच्या यंत्रावर 6 इंची चाकाची कड सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते, तर 8 इंची चाकाची जवळपास 30 मीटर. 1425 फेऱ्यांच्या यंत्रावर 8 इंची चाकही 15 मीटरवर येते, आणि नवशिक्याच्या हाताला चूक सावरायला तेवढी उसंत मिळते. अर्थात प्रश्नकर्त्याचे 6 इंची यंत्र मधल्या गतीचे असल्याने त्याने ते बदलावे असे मी म्हणणार नाही. नवे चाक घेताना त्यावर छापलेली कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा जास्त आहे याची खात्री करावी, आणि बसवण्याआधी ते हलकेच ठोकून आवाज ऐकावा. बद्द वाजले तर वापरू नये.

प्रश्न: हौशी सुतार

लेथवरच्या हत्यारांचे टोक निळे पडले तरी चालते, असे ऐकले आहे. मग तो नियम इथे का लागू होत नाही?

उत्तर: टूलरूमवाला

ती हत्यारे हायस्पीड पोलादाची असतात आणि सुमारे 550 अंशांपर्यंत आपला कठीणपणा टिकवून धरतात, त्यामुळे निळ्या रंगाने त्यांचे काही बिघडत नाही. उलट ती लाल तापवून पाण्यात बुडवली तर सूक्ष्म भेगा पडू शकतात.

तुमच्या पात्याच्या कोपऱ्यातला निळा डाग मात्र मनावर घ्यावा. नुसता रंग पॉलिश पेपरने निघून जाईल, पण खालचे पोलाद मऊच राहील आणि तिथली धार लवकर मुडपेल. डाग कडेपासून किती आत गेला आहे ते मोजावे. खांड्याच्या 2 मिलिमीटरमध्येच तो संपत असेल, तर कड सपाट करतानाच निघून जाईल. त्याहून आत असेल तर एका दमात तेवढे पाते उडवण्याची गरज नाही, रंधा चालवत राहावे आणि दर वेळी धार काढताना तो कोपरा थोडा थोडा मागे न्यावा.