फॅन्टसी बास्केटबॉलच्या टीमचं नाव: अर्थ हवा, पण कशावरून ठरवायचं?

धानाची_बांधी
लाखांदूर तालुक्यातल्या आम्हा दहा जणांची एनबीएची (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची) फॅन्टसी लीग यंदा सुरू होतेय, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपापली टीम करायची आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर खेळायचं. फुकटची आहे, पैशाचा संबंध नाही. हेड-टू-हेड (दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी लढत), नऊ कॅटेगऱ्या, स्नेक ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, दर फेरीला क्रम उलटा), प्रत्येकाकडे 13 खेळाडू. ड्राफ्ट अजून व्हायचाय, तरी चौघांनी आत्ताच नावात 'टायगर्स' घालून ठेवलंय. मला अर्थ असलेलं, आपल्या भागातलं नाव हवंय, पण नुसतं गावाचं नको. कशावरून ठरवायचं? आवडत्या खेळाडूच्या नावावरून ठेवलं तर चालतं का? आणि देवनागरीत टाकलं तर ॲपमध्ये नीट दिसतं का?

कोरडवाहू
आधी एनबीएतलीच नावं बघा, कोणतं टिकलं आणि कोणतं नुसतं चिकटून राहिलं ते कळतं.

लेकर्स हे नाव मुळात लॉस एंजेलिसचं नाहीच. ही टीम 1947 मध्ये मिनियापोलिसला आली. मिनेसोटा म्हणजे 'दहा हजार तळ्यांचं राज्य', म्हणून लेकर्स. 1960 मध्ये टीम लॉस एंजेलिसला गेली, तळी तिकडेच राहिली. जॅझचं तर त्याहून अवघड. 1974 मध्ये न्यू ऑर्लिन्सला निघाली तेव्हा नाव अगदी चपखल होतं, 1979 मध्ये टीम युटाला गेली आणि त्या संगीताशी काही नातं नसलेल्या गावी तेच नाव आजही चालू आहे. पिस्टन्सचं नशीब चांगलं. मालक फ्रेड झोल्नर यांचा फोर्ट वेनला पिस्टनचा कारखाना होता. 1957 मध्ये टीम डेट्रॉइटला, म्हणजे मोटारींच्याच शहरात गेली, त्यामुळे नाव उलट जास्त शोभलं.

फॅन्टसीत टीम गाव सोडत नाही, खेळाडू सोडून जातात. म्हणून जे जागचं हलत नाही त्यावर नाव ठेवा. तुम्ही भंडाऱ्याचे, तलावांच्या जिल्ह्यातले. 'मामा तलाव' ठेवलं तर ते माजी मालगुजारी तलावांचंही झालं आणि लेकर्सचंही भाऊबंद झालं. अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

'टायगर्स'बद्दल एक सांगतो. चौघांचं तेच असेल तर मॅचअपच्या पानावर कोण कोणाशी खेळतोय हेच कळत नाही, ही झाली साधी अडचण. दुसरं म्हणजे, यापुढे जाऊन कोणी 'नरभक्षक' वगैरे ठेवायला निघाला तर थांबवा. आपल्याकडे मोहफुलं वेचायला गेलेली माणसं वाघाने मारल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. वॉशिंग्टनच्या टीमचं नाव बुलेट्स होतं. शहरात गोळीबाराने माणसं मरत असताना हे नाव नको, म्हणून मालक एब पोलिन यांनी ते बदलायला लावलं आणि 1997 पासून विझार्ड्स झालं. विझार्ड्स नाव फारसं कोणाला आवडलं नाही ती गोष्ट वेगळी.

शेवटचा_धुरकरी
माझं मत थोडं वेगळं आहे. गावावरून नाव ठेवा, पण टीम ज्या पद्धतीने बांधली ते त्यात दिसू द्या, तरच त्याला फॅन्टसीचं नाव म्हणायचं. आणि त्यासाठी ड्राफ्ट आधी, नाव मागून.

नऊ कॅटेगऱ्या म्हणजे गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (फेकलेला चेंडू अडवणं), थ्री-पॉइंटर, फील्ड गोलची (खेळ चालू असताना मारलेल्या बास्केटची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची) टक्केवारी आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं). आठवड्याला नवाच्या नऊ कोणी जिंकत नाही, पाच घेतल्या तरी आठवडा तुमचा. म्हणून जाणकार एखाद-दोन कॅटेगऱ्यांवर पाणी सोडतात. सगळ्यात जास्त सोडली जाते ती फ्री थ्रोची टक्केवारी. कारण हिशेबात आहे: टक्केवारी खेळाडूंची सरासरी काढून येत नाही, एकूण मारलेले भागिले एकूण घेतलेले. बाकी टीमने आठवड्यात 120 घेऊन 100 मारले तर 83.3 टक्के. त्यात यानिससारखा भरपूर फ्री थ्रो घेणारा आणि भरपूर चुकवणारा आला, 40 घेऊन 24 मारले, की 160 पैकी 124, म्हणजे 77.5. एकट्या माणसाने कॅटेगरी घालवली. असा गडी घेतलाच असेल तर मग दुसरा तसाच मोठा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) घ्यायला हरकत नाही, जे जायचं ते गेलंच आहे.

आता अशा टीमला 'रामभरोसे फ्री थ्रो' नाव मस्त शोभतं, पण ते ड्राफ्टच्या आधी लावलंत तर नऊ जणांना तुमचा डाव कळला. तुम्हाला हवे असलेले सेंटर ते एक फेरी आधी उचलतील. ड्राफ्टपर्यंत काहीतरी बिनकामाचं नाव ठेवा.

पद्धतीवरून सुचलेली काही:
स्टीलवाली टीम असेल तर 'रोही', म्हणजे नीलगाय. रातोरात तुरीत शिरून फस्त करणारा जनावर, चोरीला याहून चांगलं नाव नाही.
ब्लॉकवाली असेल तर 'जागल'. रोह्याला अडवायला माणूस शेतात रात्र काढतो तेच काम. तुमच्या लीगमध्ये रोही आणि जागल दोन्ही असतील तर त्या आठवड्याची मजा बघा.
नवखे खेळाडू भरले असतील तर 'तान्हा पोळा', पोरांचा पोळा.
शेवटच्या दोन जागांवर रोज माणूस बदलत असाल तर 'रोजंदारी'. एनबीएची टीम आठवड्याला साधारण तीन-चार सामने खेळते. ज्याचा सामना आज आहे त्याला घ्यायचं, उद्या सोडायचं, असं केलं की त्याच जागेवरून पाच-सहा सामने निघतात. लीगमध्ये आठवड्याला किती बदल करता येतात ती मर्यादा मात्र आधी बघून घ्या.

वणीचा_टाइपसेटर
देवनागरीचं विचारलंय म्हणून तेवढंच लिहितो.

ॲपमधली अक्षरमर्यादा आपल्या डोळ्याने मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, मधली मोकळी जागा, सगळं वेगवेगळं धरलं जातं. 'तान्हा पोळा' दिसायला चार अक्षरं, मोजणीत अकरा: त, काना, न, हलन्त, ह, काना, जागा, प, ओची मात्रा, ळ, काना. 'जागल' फक्त चार. त्यामुळे नाव मध्येच तुटलं तर ॲप बिघडलं असं समजू नका. मर्यादेत बसलं तरी मोबाईलवर स्कोअरच्या रकान्यात पुढचा भाग कापला जातो, म्हणून ओळख पटवणारा शब्द आधी ठेवा. 'लाखांदूरचे रोही'पेक्षा 'रोही लाखांदूर' बरं.

'वऱ्हाड' असलेलं नाव टाकताना ऱ्ह नीट उमटला का ते तपासा. साधा र घेऊन ह जोडला तर रफार ह वर चढतो आणि 'वर्हाड' दिसतं. कीबोर्डवर ऱ वेगळा असतो, तो घ्यायचा.

काही ॲप नावासोबत छोटं लघुरूपही मागतात. तिथे आपोआप आलेलं ठेवू नका, काहीच्या काही येतं. स्वतः टाका. आणि रोमनमध्ये नाव लिहिलंत तर आपला एखादा साधा शब्द तिकडच्या शिव्यांच्या चाळणीत अडकू शकतो.

धानाची_बांधी
रोही आणि जागल भारीच. पण खेळाडूचं राहिलं. मला निकोला जोकिच (एनबीएतला मोठा सेंटर) मिळाला तर त्याच्यावरून ठेवावंसं वाटतंय.

शेवटचा_धुरकरी
खेळाडूच्या नावावर नाव म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर आंबा लावणं. फेब्रुवारी 2025 मध्ये लुका डॉन्चिच रातोरात डॅलसमधून लेकर्सकडे गेला. 'डॅलस' आणि 'लुका' जोडून केलेली सगळी नावं सकाळी शिळी झाली. त्याच महिन्यात सॅन अँटोनियोच्या वेंबान्यामाच्या खांद्यात रक्ताची गाठ निघाली आणि त्याचा हंगामच संपला. 'ताडमाड' हे नाव सात फूट चार इंचाच्या गड्याला शोभतं, पण तो बसला की नाव तुमच्यावरच हसतं.

जोकिचचं म्हणाल तर नाव घेऊ नका, त्याचा नाद घ्या. सर्बियातल्या सोंबोरचा तो माणूस, घोड्यांच्या गाडीशर्यतीचं वेड. इंडियाना पेसर्स या नावातही अर्धा भाग त्याच शर्यतीचा आहे: पेसर म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय सोबत टाकत गाडी ओढणारा घोडा (उरलेला अर्धा इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतीतल्या पेस कारचा). आपल्याकडे त्याला तोड शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची. म्हणून 'धुरकरी', जोडी हाकणारा. जोकिचने 2024-25 मध्ये सामन्यामागे 29.6 गुण, 12.7 रिबाउंड आणि 10.2 असिस्ट दिले, म्हणजे जोडी हाकणारा तोच. उद्या तो तुमच्याकडून गेला तरी असिस्टवाल्या कोणत्याही टीमला हे नाव चालतं. हँडल माझंही तेच आहे, पण त्यावर माझा सातबारा नाही, खुशाल ठेवा.

कोरडवाहू
दुखापतीचा विषय निघालाच आहे तर 'ईडापीडा'ही ध्यानात ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' म्हणतो तेच. जानेवारीपर्यंत निम्मी टीम जखमींच्या यादीत गेलेली असते तेव्हा हे नाव आपोआप खरं होतं.

लीग चालवणाऱ्याने एक नियम करावा: नाव तिसऱ्या आठवड्यापर्यंत बदला, नंतर नाही. रोज नाव बदलणारे असले की ट्रेडचा (खेळाडूंच्या अदलाबदलीचा) निरोप कोणाचा आला ते शोधत बसावं लागतं. आणि लाइनअप (त्या दिवशी खेळवायचे खेळाडू) रात्रीच लावून झोपा. तिकडचे संध्याकाळी सातचे सामने हंगामाच्या सुरुवातीला आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाचला, आणि मार्चमध्ये पुन्हा साडेचार.